तिथी पाहून जेवणारं शहर

परक्या शहरात शाकाहारी माणसाचा खिसा पहिल्या दोन दिवसांतच हलका होतो, आणि त्याला तिथल्या महागाईपेक्षा त्याची अन्न शोधण्याची रीत जास्त कारणीभूत असते. मुंबईहून व्हिएतनामला आता थेट विमानं जातात. पाठीवर सॅक, हॉस्टेलच्या डॉर्ममधली एक खाट, रात्रीची बस किंवा रेल्वे, अशा बेताने हिंडणारी मराठी मुलं-मुली हनोईत, होई आनमध्ये, ह्युएत दिसू लागली आहेत. ती खाटेचे पैसे वाचवतात, बसचे वाचवतात, तळपाय दुखेपर्यंत चालून रिक्षाचेही वाचवतात. जेवायची वेळ झाली की मात्र फोनच्या नकाशावर भारतीय हॉटेल शोधतात. तिथे डाळ तडका, जिरा राइस आणि दोन रोट्या यांचं बिल सहज रात्रीच्या खाटेच्या भाड्याएवढं होतं. पनीर, मसाले, तंदूर आणि आचारी हे सगळं दूरवरून आणून बसवलेलं असतं, तेव्हा तो दर गैरही म्हणता येत नाही. चुकतो तो विचारला जाणारा प्रश्न. ‘इथे व्हेज कुठे मिळेल?’ असं विचारलं की शहर आपल्याला पर्यटकांच्या गल्लीत नेऊन सोडतं. ‘इथली माणसं मांस कधी सोडतात आणि त्या दिवशी कुठे जेवतात?’ असं विचारलं, तर तेच शहर आपल्या घरच्या पंगतीजवळ नेतं, आणि ती पंगत बहुधा गावातली सगळ्यांत स्वस्त असते. या म्हणण्याला पुरावा म्हणून मी ह्युए हे एकच शहर घेतो.

ह्युए हे मध्य व्हिएतनाममधलं, हुओंग नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं शहर. १८०२ ते १९४५ इथे न्गुयेन घराण्याची राजधानी होती. त्याच्या आधीपासून या घराण्याचे सरदार इथून राज्य करत होते, आणि त्यांच्यातल्याच एकाने, न्गुयेन होआंगने, १६०१ मध्ये नदीकाठच्या टेकाडावर थिएन मू हे बौद्ध मंदिर बांधलं. आज शहराच्या आत-बाहेर इतकी मंदिरं आणि विहार आहेत की चालत निघालेल्याला एक तरी वाटेत लागतंच. बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह यांचा जन्म १९२६ मध्ये याच शहरातला. सोळाव्या वर्षी ते इथल्या तू हिएउ विहारात दाखल झाले आणि जगभर फिरून २०२२ मध्ये त्याच विहारात त्यांनी देह ठेवला. व्हिएतनामी महायान परंपरेतले भिक्षू बारा महिने शाकाहारी असतात. पण आपल्या मुद्द्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट गृहस्थांची आहे. एरवी मासे, डुक्कर, गाय सगळं खाणारी असंख्य घरं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमासळी वर्ज्य करतात. काही घरं त्यांच्या आदल्या दिवशीही पाळतात, म्हणजे महिन्यातून चार दिवस. या जेवणाला ते ‘चै’ म्हणतात. राजालाही यातून सूट नव्हती. नाम जाओच्या वेदीवर आकाशाची महापूजा करण्याआधी सम्राट शेजारच्या खास वाड्यात येऊन व्रतस्थ राहत असे, आणि तो वाडा अजून उभा आहे. भिक्षू, सम्राट आणि बाजारातली भाजीवाली या तिघांना जोडणारी ही परंपरा आहे. तिला भारतीय पर्यटकाच्या सोयीसाठी काढलेली खिडकी समजणं हा तिचा अपमान होईल.

मराठी माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. श्रावण पाळणारी, एकादशी-चतुर्थी करणारी, गुरुवारी अंडंही न खाणारी आणि रविवारी मटणाच्या रांगेत उभी राहणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. व्हिएतनामी महिना अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे त्यांची पहिली तिथी आपल्या अमावास्या-प्रतिपदेला आणि पंधरावी पौर्णिमेच्या आगेमागे येते. म्हणजे घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरून ह्युएचा मुक्काम ठरवता येतो. त्या दिवशी सकाळी डोंग बा बाजारात शेवंतीची फुलं, केळ्यांचे फणे, विड्याची पानं आणि सुपाऱ्या यांचे ढीग लागतात, कारण घरोघरी पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर नैवेद्य ठेवायचा असतो. आणि शहरातल्या कोम चै, म्हणजे शाकाहारी भाताच्या, दुकानांत दुपारच्या आधीच खुर्ची मिळेनाशी होते.

या दुकानांमधलं ताट नीट पाहण्यासारखं असतं. दर्शनी भागात काचेआड स्टीलचे ट्रे मांडलेले. दुकानातली बाई ताटलीत आधी भात वाढते, मग आपण बोट दाखवायचं आणि तिने वाढायचं, भाषेची गरज जवळजवळ लागत नाही. टोमॅटोच्या रसात शिजलेला टोफू, मिरी घालून आटवलेल्या अळंब्या आणि नाळीची भाजी, जी आपल्याकडे रानभाजी म्हणून पावसाळ्यात चार दिवस दिसते आणि तिथे रोजच्या जेवणात असते. सोबत पातळ, निवळ सार एका वाडग्यात. भातावर घ्यायला भाजलेल्या तिळाचं मीठ घातलेलं कूट, जे सोलापूरच्या किंवा खानदेशातल्या माणसाला ओळख करून द्यावं लागणार नाही. आणि कोवळा फणस. कुयरी उकडतात, हाताने तिच्या रेषा सुट्या करतात, त्यात एक तिखटसर सुवासिक पाला, शेंगदाणे आणि तीळ मिसळतात, आणि भाजलेल्या तांदळाच्या पापडाच्या तुकड्याने उचलून खातात. कोकणातली कुयरीची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना पहिल्याच घासाला कळेल की फणस तोच आहे, फक्त खोबरं गेलं आणि आंबटपणा आला. या सगळ्याचे साध्या दुकानात २५ ते ३५ हजार डोंग होतात, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. हा दर पर्यटकावर कृपा म्हणून ठेवलेला नसतो. गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या शाळेतली शिक्षिका, दुचाकीवरून माल पोचवणारा मुलगा, देवळातून परतणारी आजी. त्यांना परवडेल तोच भाव टिकतो. माल रोजच्या रोज बाजारातून येतो, दुपारपर्यंत संपतो, आणि आयात काही करावं लागत नाही.

पहिला आक्षेप विश्वासाचा आहे, आणि तो खरा आहे. व्हिएतनाममध्ये नुओक माम, म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या माशांचा अर्क, जवळपास प्रत्येक भांड्यात पडतो. ह्युएत त्यावर कोळंबीचा आंबवलेला गोळाही असतो. नेहमीच्या हॉटेलात जाऊन ‘मांस नको’ म्हटलं की वरचे तुकडे काढून तोच हाडांच्या रसातला शेवयांचा वाडगा पुढे येतो. देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. आपण मीठ जसं पदार्थात धरत नाही तसं तो माशाच्या अर्काला धरत नाही. म्हणूनच मिश्र हॉटेलात वाटाघाटी करण्यात अर्थ नाही आणि चैच्या दुकानात त्यांची गरज नाही. तिथे कढई, पळी, सुरी, चटणीची बाटली सगळं बिनमांसाचं असतं, कारण खाणाऱ्याचं व्रत मोडलं तर दुकानदाराच्या माथी पाप येतं. भारतात ‘व्हेज-नॉनव्हेज’ अशी पाटी लावलेल्या किती स्वयंपाकघरांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येईल? ज्याला ही खात्री हवी, त्याने कागदावर ‘तोइ आन चै’, मी चै खातो, एवढंच व्हिएतनामी लिपीत लिहून घ्यावं आणि दारावर ‘चै’ लिहिलेल्या ठिकाणीच ते दाखवावं.

दुसरा आक्षेप ताटातल्या रूपाचा. सोया आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेली कोळंबी, मासा, बदकाचे काप पाहून पिढीजात शाकाहारी माणसाला मळमळतं. ही अस्वस्थता समजण्यासारखी आहे, पण ते पदार्थ कोणासाठी आहेत हेही पाहायला हवं. ते मुख्यतः महिन्यातले सव्वीस-अठ्ठावीस दिवस मांस खाणाऱ्या आणि त्या दोन-चार दिवशी जिभेला आवर घालणाऱ्या गृहस्थासाठी आहेत. तो व्रत पाळतो हे मला त्याच्या ताटातल्या आकारापेक्षा मोठं वाटतं. ज्याला नको त्याने शेजारच्या ट्रेकडे बोट दाखवावं, आग्रह कोणी करत नाही. दुधाची उणीव मात्र खरी आहे. ताटात दही नाही, तूप नाही, ताक नाही, आणि आठवडाभरानंतर ते जाणवतंच. प्रथिनांची भरपाई टोफू, शेंगदाणे, तीळ आणि मूग यांतून होते, मनाची होत नाही. जैन प्रवाशाला इथे अर्धी सोय अनपेक्षितपणे मिळते: कडक पद्धतीच्या चैमध्ये कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीचे उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य असतात. पण गाजर, बटाटा, मुळा हे त्यांच्या नियमात बसतात, तेव्हा कंदमुळं न खाणाऱ्याने ट्रे निरखूनच घ्यावेत.

तिसरा आक्षेप दोन उलट बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, प्रवासाला निघालात तर समोर येईल ते खा, नाहीतर घरीच बसा. दुसरी म्हणते, परदेशी अन्नाचा भरवसा नको, आपला आचारी सोबत न्या; आणि आपल्याकडच्या सहली खरोखरच तसा आचारी नेतात. दुसऱ्या सोयीला मी नावं ठेवणार नाही. सत्तरीतल्या आजी-आजोबांना ती मिळते म्हणूनच ते जग पाहू शकतात. पण बॅकपॅकरकडे आचारी नसतो, पैसे नसतात, वेळ मात्र भरपूर असतो, आणि तो वेळ फोडणीच्या वासाच्या शोधात घालवणं ही उधळपट्टी आहे. पहिल्या बाजूचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. बुन बो ह्युए हा शेवयांचा वाडगा या शहराचा अभिमान आहे. गोमांस, डुकराची तंगडी, गवती चहा आणि कोळंबीचा गोळा यांनी तो बनतो. शाकाहारी माणसाला तो कधीच कळणार नाही. त्याची चै आवृत्ती मिळते, गवती चहाचा वासही तिला असतो, पण ती दुसरीच वस्तू आहे, आणि तिला मूळ पदार्थाची बरोबरी देणं हा त्या पदार्थावर अन्याय आहे. एवढं गमावूनही शाकाहारी प्रवाशाला जे मिळतं ते सरसकट सगळं खाणाऱ्याला क्वचितच मिळतं. त्याला शहराचं पंचांग कळतं. कोणत्या दिवशी दुकानं का भरतात, बाजारात शेवंती का वाढते, सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, वू लानच्या दिवशी, आई-बापांच्या स्मरणात इतकी माणसं मांस का टाळतात, हे त्याला पोटापायी कळतं. राजवाडा पाहून इतकं कळत नाही.

ह्युएवरून सगळ्या जगाचा निवाडा करणं मात्र बरोबर नाही. ही रीत जिथे संयमाची परंपरा आहे तिथेच चालते. सुदैवाने अशी शहरं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. आदिस अबाबात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी, आणि ईस्टरपूर्वी सलग ५५ दिवस, मांस, अंडी, दूध सोडतात. त्या दिवशी इंजेरा नावाच्या तिथल्या भाकरीवर डाळी आणि भाज्यांचे गोल गोल ढीग मांडलेलं ताट साध्यातल्या साध्या खानावळीत मिळतं. तैपेईत बौद्धांची शाकाहारी दुकानं आहेत. पण जिथे शेती नावालाच, हिवाळा लांब आणि माणूस पिढ्यानपिढ्या जनावरांवर जगला, तिथे हा प्रश्न विचारून हाती काही लागणार नाही. तिथे बाजारातली फळं, ब्रेड आणि हॉस्टेलचा गॅस हाच मार्ग.

ह्युएतसुद्धा एक आठवडा सांभाळावा लागतो. टेट, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी कितीतरी घरं चै जेवतात, पण ती घरी जेवतात. दुकानदार आपापल्या गावी गेलेले असतात आणि रस्त्यावरच्या बहुतेक फळ्या बंद असतात. स्वस्तातला प्रवासी नेमका तेव्हा उपाशी राहतो, कारण उघडी असतात ती महागडी हॉटेलं. त्याने टेटच्या आदल्या एक-दोन दिवशी डोंग बाच्या बाजारात जाऊन बान्ह तेत घेऊन ठेवावा. चिकट तांदूळ केळीच्या पानात घट्ट गुंडाळून तासन्‌तास उकडलेला तो दंडगोल असतो. नेहमीच्या बान्ह तेतमध्ये डुकराचं मांस घालतात, तेव्हा घेताना चै आहे ना हे विचारून घ्यावं. चै प्रकारात मूग किंवा केळं असतं. फ्रीजशिवाय तो दोन-तीन दिवस टिकतो, सुरी नसली तर वेष्टनाच्याच दोऱ्याने कापता येतो, आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मावतो.