बाबा, टॉर्च नीट धरा!

तुमच्याही घरी अशी एक गाडी असेल बघा. ती विकायची नसते, तिच्या जागी नवी घ्यायची नसते आणि तिच्याबद्दल वाईट बोललेलं तर अजिबात चालत नाही. आमच्याकडे ती मारुती ८०० आहे. २००८ ची, पांढरी, एमएच-२६. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन आणि वर बाबांचा इगो! पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण ही दुसरी बातमी बाबांपर्यंत अजून पोचलेली नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी स्वतः आरटीओच्या चकरा मारून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून आणलं. वर गल्लीत पेढे वाटले.

या एप्रिलमध्ये ह्याच गाडीतून मी आई-बाबांना नांदेडहून पुण्याला आणलं. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. कारण होतं बाबांचा उजवा हात. काही महिन्यांपासून त्यांचा कप बशीत वाजायला लागला होता. बाबा म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. त्यांचा चेक सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत आला. तरी उत्तर ठरलेलं, ‘वय झालं, दुसरं काय?’ शेवटी मी त्यांना न विचारताच पुण्यात न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली आणि रात्रीच्या ट्रेननं नांदेड गाठलं. खूप कटकट करून बाबा तयार झाले, पण अट घातलीच.

‘आपल्या गाडीनं जायचं. आणि लातूरपर्यंत मी चालवणार.’

लातूरला मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुणं, असा प्लॅन ठरला.

आदल्या संध्याकाळी पेट्रोल आणि हवा भरून मी विष्णुपुरीपर्यंत एक चक्कर मारली. गाडी मस्त पळाली. घरी येऊन लावली तर कसला तरी गोडसर वास! बॉनेट उघडलं. रेडिएटरला वरून येणारा जाड काळा पाइप नवाकोरा होता, पण त्याच्या तोंडाशी हिरवट-पांढरी खपली धरली होती. बाजूच्या बाटलीत कूलंट ‘लो’च्या रेघेखाली गेलेलं.

‘पाइप कुणी बदलला?’ मी आईला विचारलं.

‘परवा ह्यांनीच. सकाळभर बॉनेटमध्ये डोकं घालून होते.’

नेहमीचा मेकॅनिक लग्नाला गावी गेलेला. मग काय, मास कॉमची डिग्री बाजूला ठेवून रात्री बारापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. तुमच्याही कामाचं आहे, म्हणून सांगते.

रेडिएटरच्या ज्या नळीवर हा पाइप चढतो, तिच्या तोंडाशी एक गोल उंचवटा असतो. पाइप त्या कडेच्या चांगला पलीकडे जायला हवा आणि क्लिप कडेच्या मागे बसायला हवी. क्लिप कडेवरच आवळली तर बाहेरून सगळं ओके दिसतं. गाडी सुरू केली तरी गळत नाही. पण इंजिन तापलं की आत दाब तयार होतो. बऱ्याच गाड्यांच्या रेडिएटर कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो ह्या दाबाचा. ह्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. आणि हाच दाब नीट न बसलेल्या पाइपला हळूहळू बाहेर ढकलतो.

आता नांदेड गोदावरीकाठी आणि लातूर बालाघाटच्या पठारावर. म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी वर चढत जाणार. एप्रिलचं ऊन, एसी चालू, सामान भरलेलं. पाइप निसटला तर कूलंट मिनिटाभरात रस्त्यावर! त्यात पाणीच संपलं तर टेम्परेचरचा काटाही फसवू शकतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. काटा शांत दिसतो आणि तोवर इंजिनचं हेड वाकतं.

गरम इंजिनवर कॅप उघडायची नाही, वाफेनं हात भाजतो. म्हणून पहाटे साडेचारचा अलार्म लावला. खरं सांगू? दुसरंही कारण होतं. बाबा उठायच्या आत मला हे उरकायचं होतं. त्यांना कळायला नको होतं.

मोबाइल दातात धरून क्लिपचा स्क्रू शोधत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘काय करायलीस ग अंधारात?’

‘काही नाही बाबा. क्लिप जरा सरकलीय. हादऱ्यानं असेल.’

बाबा काही बोलले नाहीत. आत गेले आणि त्यांची जुनी स्टीलची टॉर्च घेऊन आले.

‘मी उजेड धरतो. तू हात चालव.’

मग माझा क्लास सुरू झाला. पाइप सरळ ओढायचा नाही, आधी पिळून मोकळा करायचा. नळीवरचा पांढरा थर पॉलिश पेपरनं हलकेच घासायचा. पाइपच्या आतल्या कडेला थोडं कूलंट लावायचं, म्हणजे तो सरकतो. ग्रीस लावायचं नाही, रबर खराब होतं. मी पाइप रेटत होते, पण कड नेमकी कुठे ते दिसेना. उजेड सारखा हलत होता. कधी पंख्यावर, कधी बॅटरीवर, कधी माझ्या डोळ्यांत.

‘बाबा, टॉर्च नीट धरा ना!’

बोलून गेले आणि मग लक्षात आलं.

बाबांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरली. तरी उजेड थरथरतच होता.

‘परवा बी हेच व्हायलं होतं,’ ते म्हणाले. ‘कड हाताला लागायली होती, पण रेटाच देता येईना. म्हणलं, बसला असंल. म्हणून क्लिप आवळून टाकलो.’

काय बोलावं ते मला सुचेना. मुलाखती घेणं हा माझा धंदा आहे आणि त्या क्षणी एक वाक्य सापडलं नाही. टॉर्च त्यांच्या हातातून घेतली असती तर काम पटकन झालं असतं. पण मी ती घेतली नाही. उजेड कडेवरून जाईल तेवढ्यापुरतं बघायचं आणि रेटायचं, असं करत पाइप शेवटी टोकापर्यंत बसला.

क्लिप कडेच्या मागे घेतली. ‘स्क्रू वरच्या अंगाला ठेव, पुढच्या बारीला हात पोचतो,’ बाबा म्हणाले. ‘आता बेतानं आवळ. लई आवळलीस तर रबर कापतंय.’ कूलंट भरून, कॅप उघडीच ठेवून गाडी सुरू केली. बुडबुडे यायचे थांबले, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद झाला, पातळी पुन्हा भरली, कॅप लावली. सहा वाजले होते.

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली.

‘लातूरपर्यंत?’ मी विचारलं.

‘पुण्यापर्यंत,’ बाबा म्हणाले आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

अहमदपूरला चहासाठी थांबलो. बॉनेट उघडून बघितलं, सांधा कोरडा. लातूरला मावशीच्या गच्चीवर अजून तीन टाक्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हापासून मावशी पाण्याचा थेंब मोजते. तरी काका प्रेमानं बोअरच्या पाण्याची बादली घेऊन आले, ‘रेडिएटरला घाला की!’ बाबांनी हात जोडले. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरतात. रेडिएटरला कूलंट घालावं, त्यात मिसळायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, ‘त्रास पहिल्यांदा कधी जाणवला?’

आईनं ‘दिवाळीत’ म्हणायला तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले.

‘गाडीचा पाइप बसवताना.’

डॉक्टरांनी मान वर केली. मग बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, कड, क्लिप, टॉर्च, बँकेची सही आणि बशीत वाजणारा कपसुद्धा. गेले कित्येक महिने आम्हाला जे टाळत होते, ते दहा मिनिटांत.

तपासण्या सुरू आहेत. बाबा अजून पुण्यातच आहेत. रोज सकाळी पार्किंगमध्ये जातात, बॉनेट उघडतात आणि वर येऊन रिपोर्ट देतात, ‘पातळी बरोबर रेघेवर आहे.’ परवा म्हणाले, ‘खालचा पाइप बी बदलावा म्हणतो. तू करशील ना? मी टॉर्च धरतो.’