झडपेचा हिशेब

आमच्या कांदिवलीच्या घरांत बैठकीच्या भिंतीवर माझ्या वडिलांचें एक जुनें छायाचित्र टांगलेलें आहे. मैदानांत एक तरुण पळत आहे. त्याचा चेहरा ओळखूं यावा न यावा इतपत अस्पष्ट आहे आणि गुडघ्यांच्या खालीं तर पाय मुळीं नाहींतच, नुसता करडा धूर आहे. घरांतल्या मुलांनीं त्या चित्राला 'बिनपायांचे आजोबा' असें नांव ठेवलें आहे. वडील तरुणपणीं खो-खो फार चांगला खेळत, असें आई सांगते. परंतु त्या खेळाची एवढी एकच खूण आमच्यापाशीं उरली आहे. म्हणून नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं जेव्हां चांगल्यापैकीं कॅमेरा विकत घेतला, तेव्हां मनाशीं एक निश्चय केला. पुढच्या पिढीच्या बाबतींत असा धूर होऊं द्यावयाचा नाहीं. जें काढावयाचें तें नखशिखान्त स्वच्छ काढावयाचें.

पुढची पिढी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती शाळेच्या खो-खो संघांत पळतीची भरंवशाची खेळाडू. कांदिवलीचें नांव निघालें कीं बाहेरच्या माणसाला मुंबई क्रिकेट संघटनेचा सचिन तेंडुलकर जिमखाना आठवतो, नाहीं तर आकुर्ली रोडवरचें भारतीय क्रीडा प्राधिकरणाचें केंद्र आठवतें. पण आमच्या भागांत शाळाशाळांतून मातीवरचा खो-खोही अजून नांदतो आहे. चहूंकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि त्यांच्या मधोमध एक लाल मातीचा चौकोन, असें त्या मैदानांचें रूप असतें. गेल्या वर्षीं मीं तिच्या सामन्यांचीं पुष्कळ चित्रें काढलीं. पाठलाग करणारीनें अंग झोंकून मारलेला सूर, तिच्या बोटांची पुतणीच्या पाठीला लागलेली टोकें, हवेंत उडालेला मातीचा कण न् कण, सारें कांहीं आरशासारखें स्वच्छ आलें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर तीं सर्व चित्रें आम्हीं दूरदर्शनच्या पडद्यावर लावलीं. घरांतल्या सर्वांनीं वाहवा केली. पुतणी मात्र शेवटपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "काका, फोटो छान आहेत. पण प्रत्येक फोटोत मी बादच होतेय. मी तीन मिनिटं पळले होते, ती कुठंयत?"

मीं चित्रें पुन्हां एकदां चाळून पाहिलीं. मुलीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

असें कां झालें असावें, याचा विचार करतांना माझ्या ध्यानांत आलें कीं हा दोष भिंगाचा नव्हता. मी डोळा कोठें लावून बसलों होतों, त्याचा होता. खो-खोचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधून दिले. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मधल्या पाटींत आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंडें करून चवड्यांवर बसतात आणि नववा पाठलाग करतो. या नवव्या गड्याला मधली पाटी ओलांडण्याची मुभा नाहीं, आणि एकदां धरलेली दिशा खांबापर्यंत पोंचल्याखेरीज बदलतां येत नाहीं. पळणाऱ्याला मात्र कसलेंच बंधन नाहीं. तो पुढें जाईल, मागें फिरेल, बसलेल्या दोघांच्या मधून निसटेल, हूल देऊन पुन्हां तेथेंच येईल. आतां छायाचित्रकारानें काय करावें? ज्याची दिशा आधींच ठाऊक आहे, त्याच्यामागें कॅमेरा फिरविणें सोपें. म्हणून हात आपोआप पाठलाग करणाऱ्याकडे वळतो. आणि पाठलागाचा सर्वांत देखणा क्षण म्हणजे सूर! त्या क्षणीं पळणारा बहुधा बाद झालेला असतो. अशा रीतीनें माझ्या पुतणीचा सारा खेळ मीं तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूनें टिपला होता.

यंदा ती दहावींत आहे. भावजयीनें जूनमध्येंच बजावून ठेवलें होतें कीं दिवाळीच्या आसपास जो सामना व्हावयाचा तो होऊं दे, त्यापुढें मैदानाचें नांव काढावयाचें नाहीं. म्हणजे माझ्या हातीं एकच संध्याकाळ उरली होती. मीं या वेळीं अभ्यास करून जावयाचें ठरविलें.

ज्यांनीं कधीं अशा उद्योगांत लक्ष घातलें नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. चित्रासाठीं लागणारा प्रकाश तीन वाटांनीं कमीजास्त करतां येतो. झडप किती वेळ उघडी राहावी, ही पहिली वाट. भिंगाचें छिद्र किती मोठें असावें, ही दुसरी. आणि आंतला संवेदक किती तल्लख करावा, म्हणजे ज्याला आय.एस.ओ. म्हणतात तो आंकडा, ही तिसरी. हा हिशेब घरखर्चासारखाच दुप्पट-निमपटीचा आहे. झडपेचा वेळ एक पांचशांश सेकंदावरून एक सहस्रांशावर आणला कीं प्रकाश निम्मा होतो. मग तो भरून काढण्यासाठीं छिद्र एफ ४ वरून एफ २.८ वर उघडावें, किंवा आय.एस.ओ. ८०० चा १६०० करावा. परंतु यांतलें कांहींच फुकट मिळत नाहीं. छिद्र मोठें केलें कीं स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, आणि गडी हातभर पुढें सरकला तरी डोळे सोडून कानच स्पष्ट येतात. आय.एस.ओ. वाढविला कीं चित्रावर रवाळ दाणे उठतात. आणि झडप मंद ठेवली कीं धूर!

तो धूर किती, हें मीं कागदावर मांडून पाहिलें. पळणारी मुलगी सेकंदाला सहा मीटर जाते असें धरलें, तर एक सहस्रांश सेकंदांत ती सहा मिलिमीटर सरकते. जुन्या डबा-कॅमेऱ्याची झडप एकाच ठराविक वेगाची, बहुधा सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाची असे. तेवढ्यांत तीच मुलगी पंधरा-वीस सेंटिमीटर पुढें जाईल आणि तिचे पाय तर त्याहूनही अधिक. वडिलांचे पाय कोठें गेले, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

वेगवान झडपेचें महत्त्व मोठें आहे, यांत शंका नाहीं. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज यानें धांवपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीनें मांडले आणि घोडा जातांना दोरे तुटून एकामागून एक झडप उघडेल अशी योजना केली. धांवत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणीं भूमीपासून सुटलेले असतात, आणि तेही चित्रकार काढीत तसे पुढें-मागें ताणलेले नव्हेत, तर पोटाखालीं गोळा झालेले, हें तेव्हां जगाला दिसलें. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं याच्या नेमकें उलट केलें. वाटाण्याच्या रोपाचें थोड्याथोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन त्यांनीं अनेक दिवसांची वाढ पडद्यावर घटकाभरांत दाखविली, आणि पुढच्याच वर्षीं 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांपुढें आणला. एकानें काळ थांबविला, दुसऱ्यानें तो पळविला. परंतु दोघांनींही आपल्याला काय पाहावयाचें आहे तें आधीं ठरविलें होतें. माझें तेंच ठरलें नव्हतें.

सामन्याच्या दिवशीं मी तासभर आधीं गेलों. जागा बदलली. गेल्या वर्षीं मी मैदानाच्या लांब बाजूला उभा राहत असें. तेथून मधले आठ गडी सारखे आड येत आणि कॅमेऱ्याची नजर पळणारीला सोडून मध्येंच बसलेल्या एखादीवर जाऊन बसे. या वेळीं मी खांबाच्या मागें, सीमेच्या बाहेर बऱ्याच अंतरावर, जमिनीला टेकून बसलों. कॅमेऱ्यांत नजरेची चपळाई कमी करण्याची सोय असते. ती वापरून, मध्यें कोणी आलें तरी नजरेनें घाईनें वळूं नये, अशी व्यवस्था केली. प्रकाशाचें मोजमाप कॅमेऱ्यावर न सोंपवितां स्वतःच्या हातीं घेतलें. कारण पश्चिमेच्या इमारतीची सांवली अर्ध्या मैदानावर आली होती, आणि ऊन-सांवलींतून पळणाऱ्या मुलीच्या मागें कॅमेरा स्वतःच्या बुद्धीनें आंकडे बदलूं लागला तर एक चित्र पांढरें आणि पुढचें काळें येतें. सांवलीपुरतें जमविलें: एक सहस्रांश, एफ ४, आय.एस.ओ. ८००.

परंतु सामने उशिरा सुरू झाले. पुतणीच्या संघाचें पहिलें आक्रमण संपेपर्यंत सूर्य मावळला आणि मैदानाचे दिवे लागले. आय.एस.ओ. ६४०० वर नेला, छिद्र एफ २.८ वर पूर्ण उघडलें, तरी एक चित्र उजळ, दुसरें मळकट, तिसरें पिवळें असें येऊं लागलें. हें कोडें उलगडायला मला पांच मिनिटें लागलीं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि तसले दिवे सेकंदांतून १०० वेळां उजळतात व मंदावतात. डोळ्याला तें दिसत नाहीं. पण एक सहस्रांश सेकंदाच्या झडपेला कधीं उजेडाचा माथा सांपडतो, कधीं पायथा. उपाय एकच दिसत होता. झडप एक शतांश सेकंद उघडी ठेवावी, म्हणजे प्रत्येक चित्राला दिव्याची एक पुरी लहर मिळेल. नव्या कॅमेऱ्यांत या लहरीवर पाळत ठेवण्याची सोय असते; माझ्यांत ती नव्हती.

एक शतांश! म्हणजे सहा सेंटिमीटरांचा धूर. जो मीं कधीं होऊं देणार नव्हतों, तोच.

तेवढ्यांत पळती सुरू झाली आणि पुतणी पहिल्याच तुकडींत मैदानांत उतरली. विचार करायला वेळ नव्हता. झडप शंभरावर आणली, आय.एस.ओ. ६४० वर उतरला, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर धरून तिच्याबरोबर वळूं लागलों. ती साखळी घालून बसलेल्यांच्या मधून नागमोडी येई, खांबापाशीं थबके, डावा खांदा टाकी आणि उजवीकडून निघून जाई. तिच्या हुलीला पाठलाग करणारी जितकी फसली त्याहून अधिक वेळां मी फसलों. अखेर ती बाद झाली तेव्हां मी भलतीकडेच वळलेलों होतों. तो क्षण माझ्याजवळ नाहीं. तिचा संघ हरला.

त्या रात्रीं तीनशेंवर चित्रें पाहिलीं. बहुतेक टाकून देण्याजोगीं होतीं. एक मात्र राहिलें. खांबाला एका हातानें विळखा घालून ती वळते आहे. चेहरा ठळक, ओठ आवळलेले, नजर मागच्या हालचालीवर. आणि कमरेखालीं पाय म्हणून कांहीं नाहीं, लाल मातींत विरघळलेली एक रेघ आहे. मागें चवड्यांवर बसलेली एक मुलगी 'खो' ऐकण्यासाठीं कान देऊन थांबली आहे. ती हललेली नाहीं म्हणून तिचें बोट न् बोट स्पष्ट आहे. तिची निश्चलता शेजारीं आहे म्हणूनच दुसरीचा वेग दिसतो.

मीं चित्र आईपुढें धरलें. तिनें चष्मा वर-खालीं केला. "हिचे पाय कुठं गेले?" असें म्हणाली, मग भिंतीकडे पाहिलें आणि पुढें कांहीं विचारलें नाहीं. पुतणीनें तें बराच वेळ न्याहाळलें. "यात मी सापडलेली नाहीये," एवढेंच म्हणाली, आणि छापील प्रत मागून घेतली.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या महाराष्ट्राच्या दोघा कर्णधारांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या महिला व पुरुष संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळला हरविलें. महिलांनीं ७८ विरुद्ध ४० गुणांनीं, पुरुषांनीं ५४ विरुद्ध ३६ गुणांनीं. असे सामने बंदिस्त क्रीडागारांत, भरपूर उजेडांत होतात, आणि तेथें एक सहस्रांश सेकंद हाच नेम योग्य. परंतु घरच्या मुलांचा खेळ टिपूं पाहणाऱ्या वाचकांना माझें सांगणें एवढेंच, कीं आंकडे ठरविण्यापूर्वीं आपलें मूल खेळांत काय करतें तें चार सामने कॅमेरा न उचलतां पाहावें. पकडणाऱ्याच्या बोटांसाठीं सहस्रांश, निसटणाऱ्याच्या वळणासाठीं शतांश; आणि दोन्हीं एकाच चित्रांत मिळत नाहींत, हें आधींच मान्य करावें.

ती प्रत आतां तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर, भूमितीच्या सूत्रांच्या कागदाशेजारीं चिकटविलेली आहे. भावजयीनें तीं दोन्हीं पाहिलीं आणि कांहीं बोलली नाहीं. परीक्षा संपल्यावर मैदानाचें नांव पुन्हां काढावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांत अद्याप सुटलेला नाहीं. मीं आपली बॅटरी भरून ठेवली आहे.