जागा

मराठीतला 'जागा' हा शब्द मोठा गुणी आहे. शहरात ती मिळत नाही, आगगाडीत ती धरावी लागते, कचेरीत ती भरायची असते आणि गवई ती घेतो. मैफलीत एखादी नाजूक हरकत अवचित चमकून गेली, की आपण मांडीवर थाप मारतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, "काय जागा घेतली हो!" पण गवयाने घेतलेली जागा नीट कानी पडायची तर ऐकणाऱ्यालाही आपली जागा नेमकी घ्यावी लागते, ही गोष्ट घरात दोन लाउडस्पीकर येईपर्यंत कुणी आम्हाला सांगितली नव्हती.

तशा आमच्या घराला पेट्या काही नव्या नाहीत. एक पेटी कपड्यांची, माळ्यावरची. दुसरी वाजवायची, पलंगाखालची. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास चिरंजीवांनी आपल्या पगारातून आणखी दोन आणल्या. काळ्या, गुडघ्याएवढ्या आणि चेहऱ्याने अतिशय गंभीर. पुष्कळ घरांत अशा पेट्यांची कशी सोय लागते ते मी पाहिलेले आहे. एक कपाटावर चढते, दुसरी टीव्हीमागे दडते, आणि दोघींचा संसार वेगवेगळ्या गावी बदली झालेल्या नवराबायकोसारखा चालतो. चिरंजीवांना हे मंजूर नव्हते. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि सौ.ने कपाळाला हात लावला.

"एकच गवई गाणार, मग त्याला दोन पेट्या कशाला रे?" आईने विचारले.

"आजी, आपल्याला दोन कान असतात म्हणून," मोजपट्टीवरची नजर न काढता चिरंजीव म्हणाले.

आई नुसती हसली.

उत्तर तसे शास्त्रशुद्ध होते. ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनियर १९३१ साली पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला होता, असे सांगतात. नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला, पण त्याचा आवाज मात्र होता तिथेच बसून राहिला. आवाजालाही चालायला लावावे असे ब्लुमलाइनच्या मनाने घेतले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने त्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज तबकडीच्या एकाच खाचेत कोरण्याची रीत त्या अर्जात होती. तशा तबकड्या दुकानांत यायला १९५८ साल उजाडले. ते पाहायला ब्लुमलाइन राहिला नाही. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला.

युक्तीचे मर्म साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात तो फुटाहून थोडा पुढे जातो. डावीकडून आलेली हाक आधी डाव्या कानी पडते आणि उजव्या कानी पडायला तिला तेवढाही वेळ लागत नाही. पण त्या इवल्याशा फरकावरून हाक कुठून आली ते मेंदू ओळखतो. आता एक पेटी आपल्याला दुसरीपेक्षा फूटभर जवळ असली तर काय होईल? पंगतीत आधी आलेल्याला आधी पाट, तसा कान आधी पोचलेल्या आवाजाला मान देतो आणि सारी मैफल त्या एका पेटीत जाऊन बसते. म्हणून दोन पेट्यांत जेवढे अंतर, तेवढेच प्रत्येक पेटीपासून ऐकणाऱ्यापर्यंतचे ठेवायचे. शाळेतला समभुज त्रिकोण! बारीक स्वर काढणारा पेटीतला छोटा पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणायचा. पेटी कोपऱ्यात कोंबायची नाही. कोंबली तर डग्गा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. तांबड्या-काळ्या तारांची एका पेटीत अदलाबदल झाली, तर गवई धड कुठेच बसत नाही आणि डग्ग्यातला जीवही जातो. हे सारे जमले म्हणजे मात्र चमत्कार घडतो. पेट्या मुक्या झाल्यासारख्या वाटतात आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या हवेत, जिथे काहीही नाही तिथे, गवई येऊन बसतो.

चिरंजीवांनी लांब भिंतीशी पेट्या मांडल्या, दोरी ताणली आणि त्रिकोणाचे तिसरे टोक शोधून काढले. ते बरोबर आईच्या खुर्चीवर आले.

"आजीला थोडं तिकडे बसवू या," चिरंजीव म्हणाले. "तिला काय, कुठेही बसलं तरी सारखंच."

त्यात दुष्टपणा नव्हता. होते ते गणित. लहानपणी आईचा डावा कान फुटला आणि तेव्हापासून त्या कानाने तिला ऐकू येत नाही. एकाच कानाला वेळेतला फरक कळणार कसा? आपण गॅलरीतून हाक मारावी आणि आईने स्वयंपाकघरात जाऊन पाहावे, हे आमच्या घरात रोजचे आहे. लग्नाकार्यात दहाजणे एकदम बोलू लागली, की तिला त्यांतले एकही बोलणे निवडून घेता येत नाही. ती सर्वांकडे पाहून गोड हसते आणि लोक म्हणतात, काकू किती शांत! तेव्हा स्टिरिओचा त्रिकोण आईच्या कामाचा नाही, हे गणित अगदी बरोबर होते. तरी ते ऐकल्यावर मोजपट्टीची गुंडाळी होण्याचा तेवढा आवाज खोलीत झाला आणि मग कुणी बोलेना.

आईनेच शांतता मोडली. "मी हलेन रे बाळा. पण इथून मला दार दिसतं, स्वयंपाकघर दिसतं, तुम्हां सगळ्यांची तोंडं दिसतात. कोण बोलतंय ते मी बघून ऐकते."

इतकी वर्षे ती खुर्ची त्याच ठिकाणी का आहे, याचा उलगडा त्या वाक्याने झाला. आईनेही आपला त्रिकोण आखून ठेवला होता, आणि तो आमच्याहून पुष्कळ जुना होता.

चिरंजीवांनी दोरी गुंडाळली, पेट्या उचलल्या आणि आईच्या उजव्या हाताच्या आखूड भिंतीशी नेल्या. तिचा चांगला कान आता आपोआप पेट्यांकडे झाला. एका कानाने ऐकणाऱ्याला पेटी जवळ असण्याचा मोठा फायदा असतो. पेटीतून थेट येणारा आवाज ठळक होतो आणि भिंतींवरून उडून येणारी कालवाकालव मागे पडते. पण नव्या मांडणीत एक अडचण निघाली. एका पेटीच्या बाजूला खिडकी आणि दुसरीच्या बाजूला कोरी भिंत!

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्याता काय म्हणतो ते कुणाला कळत नसे. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्री सारे सामसूम झाल्यावर जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून तो त्या दालनात मांडी आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजी. किती गाद्या आवाज किती पितात, याचा त्याने हिशेब केला. त्या हिशेबात त्याने माप धरले ते उघड्या खिडकीचे, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तेव्हा खिडकीच्या समोर कोऱ्या भिंतीला खिडकीची बरोबरी करायला लावायचे, एवढेच काम उरले. सौ.ने भिंतीवर आरसा धरून सरकवत न्यायचा. ऐकण्याच्या जागी बसलेल्याला आरशात पेटी दिसली, की आवाज उडी मारतो ती जागा तीच. तिथे एक गोधडी टांगली. आईच्या आईच्या लुगड्यांची ती गोधडी भिंतीवर पाहून पाहुणे प्रथम चपापतात आणि मग कलाकुसरीची स्तुती करतात.

त्रिकोणाचे नवे टोक खोलीच्या भर वाटेत येते. म्हणून तिथली खुर्ची ऐकण्यापुरती मांडायची आणि मग उचलून ठेवायची, असा रिवाज पडला आहे. उत्तम जागा एकच असल्यामुळे ती पाळीपाळीने मिळते. पाहुणा आला तर पहिला मान त्याचा. हल्ली ज्याच्या-त्याच्या कानात बोंडुकली असतात आणि प्रत्येकाला उत्तम जागा जागच्या जागी मिळते. त्यात गैर काही नाही. पण त्या सुखात "अरे, तू बस आता" असे कुणाला म्हणण्याची सोय राहत नाही.

ॲम्प्लिफायरवर 'मोनो' असे एक बटण आहे. ते दाबले, की दोन वाटा एक होतात आणि दोन्ही पेट्यांतून सबंध गाणे येते. संध्याकाळी आईसाठी ते दाबतात. तिची बहुतेक गाणी मुळात एकाच वाटेने ध्वनिमुद्रित झालेली. त्यांचे काही बिघडत नाही. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, वर्षभरात छप्पन्न गीते. परकरातली आई रेडिओसमोर बसे तेव्हा साऱ्या आळीला एकच पेटी पुरत होती. आता ती गाणी लागली, की मधल्या खुर्चीवर बसलेल्याला गवई पेट्यांच्या बरोबर मधोमध दिसतो. आईला तो कुठे दिसतो, ते मी विचारलेले नाही. तिची मान मात्र समेवर बिनचूक हलते.

राहिली खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, हा हिशेब हार्वर्डात खरा असेल. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या गॅलरीतून तो परत येतो: "कालचं शेवटचं गाणं अर्धंच ऐकू आलं हो. आज जरा खिडकी पुरती उघडा!"