मुली काशीला शिकायला जातात तेव्हा

सोडमुंजीत बटू काठी घेऊन काशीला शिकायला निघतो. मग मामा ‘माझी मुलगी तुला देतो’ म्हणत त्याला परत फिरवतो. म्हणजे काशी मुलाची; मुलगी फक्त त्याला थांबवण्यापुरती! खऱ्या काशीत मात्र शंभरहून अधिक वर्षं मुली शिकत आहेत. विश्वनाथाचं दर्शन आणि गंगाआरती झाली की शहराची ही बाजूही जरूर पाहा.

वरुणा आणि असी यांच्यामधली ती वाराणसी, असं म्हणतात. उत्तरेला वरुणा गंगेला मिळते, तिथे राजघाटावर वसंता महिला महाविद्यालय आहे. ॲनी बेझंट यांनी ते १९१३ मध्ये सुरू केलं. ‘वसंता’ हे बेझंट नावाचंच भारतीय रूप. पुढे १९५४ मध्ये ते राजघाटावर आलं. दाट झाडी, खाली गंगा आणि जवळच १८८७ मध्ये खुला झालेला रेल्वेपूल. आज कॉलेज कृष्णमूर्ती फाउंडेशन चालवतं. जे. कृष्णमूर्तींची राजघाटावरची शेवटची भाषणं नोव्हेंबर १९८५ मध्ये झाली. मुलांची एकमेकांशी तुलना करू नका, भीती दाखवून शिकवू नका, हा त्यांचा आग्रह. गंमत अशी, की पदवी बनारस हिंदू विद्यापीठाची, त्यामुळे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर. तुलनेची परीक्षा देऊनच तुलना नको म्हणणाऱ्या आवारात पाऊल पडतं!

दक्षिणेला, असीच्या पलीकडे विद्यापीठाचं मोठं आवार आहे. तिथलं महिला महाविद्यालय १९२९ चं. विद्यापीठाची पायाभरणी १९१६ मध्ये झाली; स्थापना दिन असतो वसंत पंचमीला. त्या दिवशी सरस्वतीपूजन होतं, चित्ररथ निघतात. समारंभात कुलगीत म्हटलं जातं. ते लिहिलंय रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर यांनी. ‘स्पंदन’ या युवा महोत्सवात नाच, नाटक, गाण्यांची धमाल असते.

पण इथल्या मुलींची ओळख सणांपुरती नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये आवारात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली, तेव्हा मुली मुख्य दरवाजावर ठिय्या देऊन बसल्या. रस्त्यावर दिवे हवेत, सुरक्षारक्षक जागरूक हवेत, एवढंच मागणं. त्यांच्यावर लाठीमार झाला. देशभर चर्चा झाली आणि विद्यापीठात पहिल्यांदाच एक महिला मुख्य प्रॉक्टर झाली. शिकायला पाठवलेल्या मुलीला संध्याकाळी ग्रंथालयातून निर्धास्त परतता आलं पाहिजे, हे त्यांनी सगळ्यांना ऐकायला लावलं.

राजघाटाला जायचं तर काशी रेल्वे स्टेशन आणि नमो घाट अगदी जवळ आहेत. कॉलेजच्या आवारात जाण्याआधी परवानगी मात्र घ्या. घरात बारावीची मुलगी असेल तर तिलाही सोबत न्या. कोर्स आणि फी विचारालच. वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं आणि रस्त्यावर दिवे आहेत का, हे तिलाच विचारू द्या.