फेअर

शाळेत आमच्या दोन वह्या असत, एक रफ आणि एक फेअर. फेअर वहीत खाडाखोड चालत नसे. समास आखलेला, उत्तर संपलं की पट्टीनं रेघ. ‘फेअर’ या विशेषणाचा हा पहिला अर्थ, डाग नसलेलं, मला आजही सगळ्यांत जवळचा वाटतो.

मग ते रेशनच्या रांगेत भेटलं. इंग्रजीत फेअर प्राइस शॉप, पाटीवर ‘रास्त भाव दुकान’. सरकारी मराठीला आपण ऊठसूट नावं ठेवतो, पण इथे ‘रास्त’ सुचलेल्या माणसाला मी मनापासून दाद देते. घेणाऱ्यावर अन्याय नाही आणि देणाऱ्यावरही नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत मावलं.

ताई लग्नाची झाली तेव्हा घरात रविवारच्या इंग्रजी जाहिराती वाचल्या जाऊ लागल्या. तिथे फेअर म्हणजे गोरी, बाकी काही नाही. ताई सावळी. विवाह मंडळाच्या फॉर्मवर ‘वर्ण’ असा रकाना होता: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. बाबांनी ‘गव्हाळ’ लिहिलं. ताई शेजारीच बसली होती. बाबांचा तिच्यावर फार जीव होता आणि त्या जिवापोटीच त्यांनी ते लिहिलं, म्हणून ते मला जास्त सलतं.

कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा कळलं, जुन्या इंग्रजीत हा शब्द नुसता ‘सुंदर’ या अर्थाचा होता. गोऱ्या कातडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. १६०९ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांमधलं १२७वं सुनीत नेमकं इथेच बोट ठेवतं. काळ्याला सुंदर न म्हणणारे जुने दिवस आठवून तो काळ्या डोळ्यांच्या प्रियेलाच सौंदर्याचा मान देतो. ते वाचताना मला ताई आठवली आणि वर्गात डोळे भरून आले.

आपल्याकडे फेअर अँड लव्हली १९७५ साली आलं. नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ यायला २०२० उजाडलं. घराघरांतल्या बोलण्यातून मात्र ते अजून पुरतं गेलेलं नाही.

मध्यंतरी ताईच्या मुलीचा बायोडाटा मी टाइप करून दिला. रंगाची ओळ घातलीच नाही.

“मावशी, कुणी विचारलं तर?”

“आईसारखी सावळी म्हणून सांग,” मी म्हटलं आणि शिक्षणाच्या ओळीकडे वळले.