प्रस्तावनेची पानं

सातारा सोडलं की सांगलीची एसटी उंब्रज, कऱ्हाड करत कासेगावला येते. तिथं वाटेगावचा फाटा. पुढं नेर्ले, मग पेठ नाका, आणि डावीकडं वळून आष्ट्यावरून सांगली. या रस्त्यावरची गावं मला आधी पुस्तकांतून कळली, खिडकीतून नंतर दिसली. वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचं. नेर्ले ‘पानिपत’ आणि ‘झाडाझडती’ लिहिणाऱ्या विश्वास पाटलांचं. आणि रस्ता जिथं संपतो त्या सांगलीत 1898 साली वि. स. खांडेकर जन्मले. कथा लिहू पाहणाऱ्याला असा मुलूख लाभला, याचा मला मनापासून आनंद आहे.

माझ्याकडची अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ची प्रत रद्दीच्या दुकानातली. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आणि शिवण इतकी घट्ट की अंगठ्यानं दाबून धरल्याशिवाय पान उघडं राहत नाही. कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का पुसट झालाय. कादंबरीच्या पानांचे खालचे कोपरे बोटं लागून लागून काळपट पडलेत, दोन ठिकाणी तेलाचे डाग आहेत. कुणीतरी जेवता जेवता वाचलं असणार. प्रस्तावनेची पानं मात्र स्वच्छ. वाचकांनी ती ओलांडली आणि थेट गोष्ट गाठली. गोष्टच तशी आहे, कोण थांबेल? मी मात्र त्या पानांपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. ती खांडेकरांनी लिहिलेली आहेत.

साल 1959. त्याच वर्षी खांडेकरांची ‘ययाति’ आली. त्यांचं नाव तेव्हा घराघरांत होतं. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. वडिलांबरोबर वाटेगावाहून चालत मुंबईला गेलेलं मातंग समाजातलं हे पोर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं शिकलं. पुढं याच माणसाला गॉर्की जवळचा वाटला आणि ‘फकिरा’ त्यानं बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दोघे एकाच मुलुखातले. वाटेगाव आधी सातारा जिल्ह्यात, 1949 साली दक्षिण साताऱ्यात आलं आणि 1960 साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. पण दोघांच्या मराठीत केवढं अंतर! खांडेकरांचं वाक्य उपमांनी सजलेलं, मध्येच एखाद्या विचारापाशी रेंगाळणारं. अण्णा भाऊंचं वाक्य निघालं की थेट पुढं जाऊन भिडतं.

मला या घटनेचं मोल फार वाटतं, कारण लेखकानं लेखकाला वाचणं सोपं नसतं. आपल्यासारखं लिहिणाऱ्याचं कौतुक सहज होतं. जो आपल्या वाटेनं गेलाच नाही, ज्यानं आपल्या सगळ्या आवडीनिवडी बाजूला ठेवून काहीतरी थोर केलं, त्याचं पान मन लावून वाचायचं आणि वर त्याच्या पुस्तकाच्या दारात उभं राहून लोकांना आत बोलवायचं, याला मोठं काळीज लागतं. खांडेकरांकडं ते होतं. त्यांनाही ते कुणाकडून तरी मिळालं असावं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत, पुण्यात शिकताना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास त्यांना लाभला. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी दुसऱ्यांकडून वाचून घेणं त्यांनी सोडलं नाही.

माणदेशात गेलं की लेखकालेखकांमधलं हे नातं वेगळ्या रंगात दिसतं. आटपाडी तालुक्यातलं माडगूळ हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. त्यांची ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आली, ‘बनगरवाडी’ पुढं काही वर्षांनी. आणि खुद्द आटपाडीत शंकरराव खरातांचा जन्म. त्यांचं ‘तराळ-अंतराळ’ 1981 सालचं. मी ही पुस्तकं लागोपाठ वाचली ती उन्हाळ्यात, आणि त्यानंतर माणदेशाकडं एका डोळ्यानं बघणं मला जमेना. तोच दुष्काळ, तेच माळ, तीच मेंढरं. पण एकाच्या पुस्तकात पंतोजी गावात येतो आणि गाव त्याला हळूहळू आपलंसं करतं. दुसऱ्याच्या पुस्तकात गावाच्या तराळाचं पोर गावाबाहेरून गावाकडं बघतं. एक वाचून दुसरं न वाचणारा अर्धाच माणदेश बघतो, असं माझं ठाम मत आहे. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद 1983 साली अंबाजोगाईला माडगूळकरांकडं गेलं आणि 1984 साली जळगावला खरातांकडं. त्याआधी 1973 साली यवतमाळला ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, तेही याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. पावसानं कायम पाठ फिरवलेल्या एका तालुक्याची ही कमाई.

सगळ्यांनाच मंडळी जमवून बोलायला आवडतं असं नाही. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी माणसांच्या गर्दीपासून दूर राहिले, पण पत्रांत ते भरभरून बोलत. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे म. द. हातकणंगलेकर त्यांच्या जवळच्या माणसांपैकी. पुढं जी. एं.च्या पत्रांच्या संपादनातही त्यांचा हात होता. त्या पत्रांत वाचलेल्या पुस्तकांविषयी जी. ए. ज्या ओढीनं लिहितात, ती वाचताना मला माझं एकट्यानं वाचणं एकटं वाटत नाही. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्यामागंही ही ओढच असणार: आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या हातात ठेवायची.

आणि कृष्णाकाठचं औदुंबर. कवी सुधांशूंचं हे गाव. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन इथं 1939 पासून संक्रांतीला भरत आलंय. दत्ताचं देऊळ, नदीचा घाट, थंडीचे दिवस. मानधन, निवास, वाहन यांची चौकशी न करता आलेले लिहिते लोक इथं भेटतात. पहिल्यांदा वहीतून कथा वाचणाऱ्या मुलीचा आवाज कापतो, आणि समोर बसलेला नावाजलेला लेखक मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकतो. असं ऐकणारं कुणी भेटलं की लिहिणारा पुढची कथा लिहितो. मी लिहीत राहिलो तो अशाच एका ऐकणाऱ्यामुळं. त्यांनी माझ्या कथेतला एक परिच्छेद काढायला सांगितला आणि उरलेली कथा मोठ्यानं वाचून दाखवली. माझीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती किती लांबलीत, हे मला तिथं कळलं.

आज सातारा-सांगलीत लिहिणारी मुलं खूप आहेत. शेतात राबून, कारखान्यात पाळी करून, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून लिहितात. ज्यांचं नाव झालंय त्यांच्याकडं ती आपली बाडं घेऊन येतात. माझी आपणा सर्व लिहित्या मंडळींना विनंती आहे: टेबलावर असं एखादं बाड पडून असेल, तर या आठवड्यात ते वाचा, आणि त्या मुलाला दोन ओळी लिहून कळवा.