आईच्या छातीतली चकती

माझ्या आईच्या हृदयात प्लास्टिकची एक चकती आहे. दिवसाला साधारण १ लाख वेळा उघडते आणि मिटते. रात्री पंखा बंद असला की टिकटिक ऐकू येते.

ही चित्रा झडप. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमने बनवलेली, १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवलेली. परदेशी झडपा आपल्याकडे फार थोड्यांना परवडायच्या.

धमनीच्या तोंडाशी असलेली मूळ झडप तीन पातळ पाकळ्यांची. रक्त मधून सरळ जातं आणि पाकळ्यांमागच्या खळग्यांत भोवरे फिरतात. तेच पाकळ्यांना अलगद मिटायला मदत करतात. लिओनार्दो दा विंचीनं हे भोवरे पाचशे वर्षांपूर्वी कागदावर काढले होते.

चकती मात्र तिरकी होऊन प्रवाहाच्या मध्येच राहते. रक्त तिला वळसा घालतं, कडांशी घासलं जातं, आडोशाला रेंगाळतं. रेंगाळलं की गुठळी. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू, झडपेत अडकली तर चकतीच थांबते.

म्हणून रोज वॉरफरिन. आईचा आयएनआर २ ते ३ मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. मेथी-पालक चालतात, पण प्रमाण सारखं हवं, कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीचा असर कमी करतं.

आमच्या कामात बग सुटला की तिकीट क्लोज होतं. हे तिकीट उघडंच राहणार. मी मोबाइलवर रिमाइंडर लावलाय, पण तो वाजायच्या आधीच आईची गोळी घेऊन झालेली असते. म्हणते, "चकतीला काय कळतंय? मलाच सांभाळायला हवं तिला."